लिब्रेएनएमएस : नेटवर्कमधले उपकरण शोधणे आणि त्याची खरी स्थिती वाचणे

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला दिवसभरात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एवढाच असतो, की अमुक ठिकाणचे नेट का बंद आहे. विचारणारा उपकरणाचे नाव सांगत नाही, आयपी पत्ता सांगत नाही. तो ‘दुसऱ्या मजल्यावरची लेखा शाखा’ किंवा ‘ग्रंथालयाच्या मागची लॅब’ असे सांगतो. या वर्णनापासून नेमक्या स्विचच्या नेमक्या पोर्टपर्यंत किती लवकर पोहोचता येते आणि तिथे जी स्थिती दिसते तिच्यावर कितपत भरवसा ठेवता येतो, या दोनच कसोट्यांवर कोणताही मॉनिटरिंग डॅशबोर्ड तोलावा असे माझे मत आहे. आलेख सुंदर असणे, रंगसंगती डोळ्यांना सुखद असणे, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नकाशा उठून दिसणे या गोष्टी नंतरच्या. नेटवर्कमधल्या उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या लिब्रेएनएमएस या मुक्त प्रणालीचे हे परीक्षण त्याच दोन कसोट्या धरून केले आहे.

लिब्रेएनएमएस २०१३ साली ऑब्झर्व्हियम या प्रणालीच्या जीपीएल या मुक्त परवान्याखालील जुन्या कोडमधून वेगळी निघाली आणि तेव्हापासून स्वयंसेवकांच्या समूहाने ती वाढवत नेली. परवाना शुल्क नाही आणि उपकरणांच्या संख्येवर बंधन नाही. महाविद्यालयाचा परिसर, अनेक शाखांची सहकारी बँक, जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय किंवा तालुक्यात फायबरने नेट पुरवणारा व्यावसायिक अशा ठिकाणी उपकरणे बरीच असतात आणि त्यांच्याकडे बघायला एखाद-दुसरेच माणूस असते. त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. ती बसवण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लिनक्स सर्व्हर, पीएचपी, मारियाडीबी (डेटाबेस) आणि आरआरडीटूल (आलेखांच्या नोंदी साठवणारे साधन) एवढे मुख्यतः लागते, डॉकरची तयार प्रतिमाही मिळते, आणि बसवताना काही राहून गेले असेल तर ‘व्हॅलिडेट’ ही सोबतची तपासणी स्क्रिप्ट नेमके काय राहिले ते सांगते. पहिली काही उपकरणे आपण जोडली, की एलएलडीपी, सीडीपी, ओएसपीएफ, बीजीपी यांसारख्या (उपकरणे एकमेकांना आपली ओळख किंवा मार्ग सांगतात त्या) प्रोटोकॉलच्या मार्गांनी ही प्रणाली शेजारची उपकरणे स्वतः शोधू शकते. मात्र कोणत्या आयपी पट्ट्यांत शोधायचे हे आधी ठरवून द्यावे लागते, आणि ते ठरवून देणेच योग्य.

उपकरणांची यादी हे या प्रणालीचे मुख्य पान म्हणायला हरकत नाही. संक्षिप्त आणि तपशीलवार अशा दोन मांडण्यांत ती पाहता येते. प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला स्थिती दाखवणारी रंगीत पट्टी, मग निर्मात्याचे चिन्ह, नाव, हार्डवेअरचे मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम, किती काळ चालू आहे तो अवधी आणि ठिकाण असा मजकूर असतो. यादीच्या वर चाळणीची घरे आहेत: ऑपरेटिंग सिस्टिम, आवृत्ती, हार्डवेअर, ठिकाण, उपकरणाचा प्रकार, गट आणि चालू-बंद स्थिती. ही घरे एकत्र वापरता येतात, म्हणजे ‘एका विशिष्ट इमारतीतले, अमुक मॉडेलचे आणि सध्या बंद असलेले स्विच’ एवढी नेमकी यादी काही क्षणांत समोर येते. चाळणीची निवड पानाच्या पत्त्यातच नोंदली जात असल्यामुळे तो पत्ता जपून ठेवता येतो किंवा सहकाऱ्याला पाठवता येतो. रात्रपाळीच्या माणसाला ‘हे पान उघडून ठेव’ एवढे सांगितले, की त्याला चाळण्या लावायला शिकवावे लागत नाही. आवृत्तीच्या चाळणीचा उपयोग वेगळाच आहे: एखाद्या निर्मात्याने सुरक्षेतील त्रुटी जाहीर केली, की ती आवृत्ती आपल्याकडे नेमक्या कोणत्या उपकरणांवर चालू आहे हे विचारण्यासाठी एकाही स्विचवर लॉगिन करावे लागत नाही.

आता स्थितीबद्दल. लिब्रेएनएमएस ठरावीक वेळाने तपासणीची फेरी मारते. प्रत्येक फेरीत ती उपकरणाला आधी पिंग करते (ते उत्तर देते का एवढेच पाहते) आणि नंतर एसएनएमपी या माहिती मागवण्याच्या प्रोटोकॉलने त्याची माहिती मागवते. या दोन्हींपैकी कशाचेही उत्तर आले नाही तर उपकरण डाउन धरले जाते, पण कारण वेगळे नोंदले जाते: आयसीएमपी (म्हणजे पिंगला उत्तर नाही) किंवा एसएनएमपी. हा छोटा तपशील मला या डॅशबोर्डमधला सर्वांत उपयुक्त तपशील वाटतो. नोंदलेले कारण आयसीएमपी असेल तर वीज, यूपीएस, फायबर, पॅच कॉर्ड किंवा खुद्द उपकरण यांपैकी काहीतरी बिघडलेले असण्याची शक्यता मोठी असते आणि कुणालातरी रॅकपाशी जावे लागते. नोंदलेले कारण एसएनएमपी असेल तर बहुधा वाहतूक सुरळीत चालू असते. कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) बदललेली असते, अ‍ॅक्सेस लिस्टमधून (परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीतून) मॉनिटरिंग सर्व्हरचा पत्ता गळालेला असतो किंवा स्विचचा प्रोसेसर इतका व्यग्र असतो, की त्याला उत्तर द्यायला सवड नसते. पहिल्या प्रसंगी माणूस पाठवायचा आणि दुसऱ्या प्रसंगी जागेवरून काम करायचे. ज्या प्रणाली दोन्ही प्रसंगी नुसता लाल ठिपका दाखवतात, त्या एका माणसाची निष्कारण पायपीट घडवतात.

डॅशबोर्डवर ‘अव्हेलेबिलिटी मॅप’ नावाचा एक विजेट ठेवता येतो. त्यात प्रत्येक उपकरणाचा एक छोटा चौकोन असतो आणि वर चालू, इशारा आणि बंद यांचे आकडे. इशाऱ्याचा नारिंगी रंग नुकत्याच रीबूट झालेल्या उपकरणांसाठी आहे. साधारण एका दिवसाच्या आत जे पुन्हा सुरू झाले ते नारिंगी, आणि ही मर्यादा आपल्याला बदलता येते. सकाळी कामावर आल्यावर एकाच इमारतीचे चौकोन नारिंगी दिसले तर रात्री तिथली वीज गेली होती आणि यूपीएसने तग धरला नाही हे कुणी तक्रार करण्यापूर्वीच कळते. एकच चौकोन वारंवार नारिंगी होत असेल तर त्या स्विचच्या पॉवर सप्लायकडे किंवा त्या रॅकच्या प्लगकडे बघावे. या ठिकाणी एक तांत्रिक अडचण सांगायला हवी: एसएनएमपीमधला चालू राहण्याचा अवधी ३२ बिटांच्या आकड्यात, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो. दीड वर्ष न थांबता चाललेला कोअर (नेटवर्कच्या मध्यवर्ती) स्विच अशा वेळी नुकताच रीबूट झाल्यासारखा दिसू शकतो. लिब्रेएनएमएस उपलब्ध असेल तिथे दुसऱ्या मोजणीचा आधार घेते. पण प्रत्येक निर्माता ती मोजणी पुरवतोच असे नाही, म्हणून फार काळ चाललेल्या उपकरणाने अचानक रंग बदलला तर आधी त्याच्या स्वतःच्या लॉगकडे बघावे.

पोर्टच्या पातळीवर स्थिती अधिक बारकाईने वाचावी लागते. प्रत्येक पोर्टला दोन स्थिती असतात: आपण ते चालू ठेवले आहे की बंद केले आहे ही प्रशासकीय स्थिती, आणि प्रत्यक्षात लिंक आहे की नाही ही कार्यरत स्थिती. आपण मुद्दाम बंद केलेले पोर्ट करड्या रंगात आणि चालू ठेवूनही लिंक नसलेले पोर्ट लाल रंगात दिसते. अट्ठेचाळीस पोर्टच्या अ‍ॅक्सेस स्विचवर निम्मी पोर्ट रिकामी असणे नेहमीचे आहे, त्यामुळे पोर्टच्या पानावर लाल रंग भरपूर दिसतो आणि नव्या माणसाला धडकी भरते. त्यावर दोन उपाय आहेत. वापरात नसलेली पोर्ट स्विचवरच बंद करून ठेवावीत, जे सुरक्षेच्या दृष्टीनेही बरे. आणि अलर्टचा नियम लिहिताना ‘पोर्ट डाउन आहे’ एवढीच अट न ठेवता ‘आधीच्या फेरीत अप होते आणि आता डाउन झाले’ अशी अट ठेवावी. प्रणालीत आधीची स्थिती वेगळी साठवलेली असते आणि तयार नियमांच्या संग्रहात या धर्तीचा नियम आहे. हे केले नाही तर पहिल्याच आठवड्यात टेलिग्रामवर किंवा ईमेलवर इतके अलर्ट येतात, की माणूस ते न वाचताच पुसू लागतो, आणि मग खरा अलर्टही पुसला जातो.

शोधाची मुख्य सोय प्रत्येक पानाच्या वरच्या पट्टीत आहे. तिथे अक्षरे टाकू लागताच खाली उपकरणे, पोर्ट आणि बीजीपी सत्रे अशा गटांत निकाल येऊ लागतात. उपकरण नावाने, आयपी पत्त्याने किंवा ठिकाणाने सापडते. पोर्ट त्याच्या नावाने आणि मुख्य म्हणजे त्यावर लिहिलेल्या वर्णनाने सापडते. प्रत्येक निकालापुढे स्थितीचा रंग असतो, त्यामुळे पुष्कळदा पान उघडण्याआधीच उत्तर मिळते. प्रत्येक गटात मूळ मांडणीत ८ निकालच दाखवले जातात. मोठ्या नेटवर्कमध्ये ‘अपलिंक’ (वरच्या स्विचकडे जाणारी जोडणी) असा शब्द टाकला तर हवे ते पोर्ट त्या आठांत नसण्याची शक्यता दाट असते. ही मर्यादा सेटिंगमधून वाढवता येते आणि ती पहिल्याच दिवशी वाढवावी. त्याहून मोठी उणीव अशी, की या घरात दोन अटी एकत्र करता येत नाहीत. ‘ग्रंथालय आणि डाउन’ असे विचारायचे असेल तर उपकरणांच्या किंवा पोर्टांच्या यादीकडे जाऊन चाळण्या लावाव्या लागतात.

पोर्टचे वर्णन शोधता येते ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे, कारण तिच्यामुळे शोधाची गुणवत्ता आपल्या हातात येते. स्विचवर पोर्टचे वर्णन लिहिलेलेच नसेल तर जगातला कोणताही डॅशबोर्ड ‘लेखा शाखा’ शोधून देऊ शकत नाही. आपल्याकडच्या कार्यालयांत ही अडचण आणखी एका अंगाने येते: एका स्विचवर कुणी रोमन लिपीत ‘लेखा’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘अकाउंट्स’, तिसऱ्यावर जुन्या कंत्राटदाराने ‘एसी सेक्शन’ लिहून ठेवलेले असते, आणि तिन्ही एकाच खोलीकडे जातात. शोध अक्षरे जुळवतो, अर्थ जुळवत नाही. म्हणून इमारत, मजला, खोली आणि भिंतीवरच्या सॉकेटचा क्रमांक अशा ठरावीक क्रमाने, ठरावीक स्पेलिंगमध्ये वर्णन लिहिण्याचा नियम आधी कागदावर करावा आणि मग प्रणाली बसवावी. लिब्रेएनएमएसची स्वतःचीही एक लेखनपद्धत आहे. वर्णनाची सुरुवात ग्राहक, ट्रान्झिट (वरच्या कंपनीकडून घेतलेली जोडणी), पीअरिंग (दुसऱ्या नेटवर्कशी थेट जोडणी) किंवा कोअर यांसाठी ठरवून दिलेल्या शब्दाने केली, तर ती पोर्ट वेगवेगळ्या याद्यांत आपोआप विभागली जातात, आणि चौकटी कंसात वेग व महिरपी कंसात सर्किटचा क्रमांक लिहिला तर तोही वेगळा ओळखला जातो. नेट पुरवणाऱ्या व्यावसायिकाला याचा उपयोग फार होतो, कारण लिंक तुटल्यावर वरच्या कंपनीला फोन केला की पहिला प्रश्न सर्किट क्रमांकाचाच येतो.

ठिकाणाचेही तसेच. स्विचवरच्या ठिकाणाच्या मजकुरात चौकटी कंसात अक्षांश-रेखांश लिहिले तर उपकरण भौगोलिक नकाशावर योग्य जागी दिसते. पुण्याच्या मध्यवर्ती भागासाठी ते साधारण १८.५२ आणि ७३.८५ असे येतील. एकाच परिसरातल्या इमारतींसाठी नकाशाचा उपयोग थोडा, पण चार तालुक्यांत शाखा असतील तर बंद पडलेले ठिपके एकाच रस्त्याला लागून आहेत का हे पाहून फायबर कुठे तुटली असेल याचा अंदाज बांधता येतो.

एखादा संगणक नेमका कोणत्या पोर्टला लागला आहे, हा शोध मात्र वेगळ्या पानांवर आहे. मेनूमध्ये आयपी, मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता), एआरपी (कोणत्या आयपीचा मॅक कोणता याची नोंद) आणि एफडीबी (कोणता मॅक कोणत्या पोर्टवर दिसला याची स्विचची नोंद) यांचे स्वतंत्र शोध दिलेले आहेत. वापरणाऱ्याने फोनवर आयपी पत्ता वाचून दाखवला, तर एआरपीच्या पानावर त्यावरून मॅक पत्ता मिळतो आणि तो एफडीबीच्या पानावर टाकला की तो पत्ता कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर, कोणत्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या पाडलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) दिसला याची यादी येते. मॅक पत्ता अपूर्ण असला, अपूर्णविरामांनी (:), टिंबांनी किंवा आडव्या रेघांनी तोडलेला असला तरी चालतो. वेगवेगळ्या निर्मात्यांचे स्विच तो वेगवेगळ्या पद्धतीने छापतात हे ध्यानात घेता ही सोय विचारपूर्वक केलेली आहे. यादी वाचताना एक गोष्ट माहीत हवी. तोच मॅक पत्ता मधल्या प्रत्येक स्विचच्या अपलिंकवरही दिसतो, त्यामुळे एका संगणकासाठी चार-पाच ओळी येतात आणि त्यांतली कडेची कोणती हे प्रणाली सांगत नाही. अपलिंकच्या पोर्टांना तसे वर्णन दिलेले असेल तर उरलेली ओळ नजरेने लगेच सापडते. नसेल तर प्रत्येक पोर्ट उघडून त्यामागे किती पत्ते आहेत ते पाहावे लागते. प्रणालीने कडेची ओळ स्वतःहून वर आणून दाखवली असती तर हा शोध फारच सुखकर झाला असता. वायफायवरच्या मोबाइलसाठी या शोधावर फार विसंबू नये, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी कृत्रिम मॅक पत्ता वापरू शकतात.

या साऱ्या माहितीचे वय किती, हा प्रश्न मी प्रत्येक मॉनिटरिंग प्रणालीला विचारतो. लिब्रेएनएमएसची नेहमीची फेरी दर ५ मिनिटांनी होते, म्हणजे पडद्यावर हिरवे दिसणारे उपकरण चार मिनिटांपूर्वीच बंद पडलेले असू शकते. पिंगची तपासणी दर मिनिटाला वेगळी चालवण्याची सोय दिलेली आहे आणि कोअर स्विच व राउटर यांच्यासाठी ती चालू करावी असे मी आग्रहाने सांगेन. एआरपी आणि एफडीबीची माहिती मात्र मूळ मांडणीत दर ६ तासांच्या मोठ्या फेरीत गोळा होते. सकाळी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवलेला संगणक दुपारपर्यंत जुन्याच पोर्टवर दिसत राहू शकतो. एफडीबीच्या यादीत पहिल्यांदा आणि शेवटचे कधी दिसले याचे रकाने आहेत. ते वाचल्याशिवाय कुणालाही पॅच पॅनेलपाशी पाठवू नये. घाई असेल तर त्या एका उपकरणाची फेरी हाताने तेव्हाच्या तेव्हा चालवता येते.

आलेखांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर पोर्टचा वेग, त्रुटी आणि पॅकेटांचे आलेख वाचायला सोपे आहेत. वेगापेक्षा त्रुटींचा आलेख मी आधी उघडतो. ‘नेट चालू आहे पण अतिशय मंद’ अशा तक्रारीमागे खराब क्रिंप केलेली केबल किंवा एका बाजूला हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने चालणारे) झालेले पोर्ट असते आणि ते तिथे लगेच दिसते. पाच मिनिटांच्या बारकाव्याची नोंद ७ दिवसच राहते, त्यानंतर अर्ध्या तासाची, मग दोन तासांची आणि शेवटी दिवसाची सरासरी उरते. त्यामुळे मागच्या महिन्यात एका दुपारी दहा मिनिटे आलेला ताण सरासरीत विरून जातो. असा पुरावा जपायचा असेल तर साठवणुकीची रचना उपकरणे जोडण्यापूर्वीच बदलून घ्यावी.

पर्यायांशी तुलना करताना प्रत्येकाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. झॅबिक्समध्ये सर्व्हर, डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशन यांचे निरीक्षण अधिक खोलवर करता येते, आणि अडचणींची तीव्रता सहा पायऱ्यांत विभागलेली असते; परंतु स्विचची पोर्ट, शेजारी आणि मॅक पत्ते यांपर्यंत जाण्यासाठी टेम्प्लेट आणि टॅग यांवर बरेच काम करावे लागते, तर लिब्रेएनएमएसमध्ये हे पहिल्या फेरीनंतर तयारच असते. नॅगिऑसमध्ये ‘अनरीचेबल’ ही स्वतंत्र अवस्था आहे: वाटेतला राउटर बंद पडला तर त्यामागची उपकरणे बंद आहेत असे न म्हणता तिथवर पोहोचता येत नाही असे सांगितले जाते. लिब्रेएनएमएसमध्ये पालक उपकरण (ज्याच्यामागे बाकीची जोडलेली आहेत ते) नेमून देता येते आणि त्यामुळे मागच्या उपकरणांचे अलर्ट रोखले जातात, पण यादीत ती सारी लालच दिसतात. हा फरक मला खटकतो. एका शाखेची लीज्ड लाइन तुटल्यावर त्या शाखेतले धडधाकट स्विच बंद पडल्याचे चित्र दिसू नये. पीआरटीजी विंडोजवर बसवायला सोपी आहे आणि १०० सेन्सरपर्यंत (सेन्सर म्हणजे तपासणीची एक बाब) विनामूल्य आहे, परंतु एका स्विचच्या प्रत्येक पोर्टला एक सेन्सर धरला तर हे शंभर दोन-तीन स्विचमध्येच संपतात.

सुरक्षेकडे दुर्लक्ष करू नये. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटी स्ट्रिंग उघडपणे नेटवर्कवरून जाते, म्हणून उपकरण साथ देत असेल तिथे तिसरी आवृत्तीच वापरावी, अधिकार फक्त वाचण्याचे ठेवावेत आणि स्विचवर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्याच पत्त्याला परवानगी द्यावी. वापरकर्त्यांचे अधिकारही विभागता येतात: सर्व काही बदलू शकणारा प्रशासक, सर्व काही फक्त पाहू शकणारा, आणि ठरावीक उपकरणेच पाहू शकणारा. शाखा व्यवस्थापकाला त्याच्या शाखेपुरता डॅशबोर्ड उघडून दिला, तर ‘नेट कधी येणार’ असे विचारणारे निम्मे फोन थांबतात.

सर्वांत शेवटी, पण बसवल्या दिवशीच करायचे काम. फेरी चालवणारा पोलरच थांबला तर पडद्यावर शेवटची स्थिती तशीच गोठून राहते. चौकोन हिरवेच दिसतात, शोधही चालतो, फक्त माहिती जुनी असते. सर्व्हरची डिस्क आलेखांच्या फायलींनी भरणे हे याचे नेहमीचे कारण. पोलरच्या नोंदीचे पान आणि ‘व्हॅलिडेट’ दोन्ही ठिकाणी कोणत्या उपकरणाची फेरी झालेली नाही हे दिसते, पण ते कुणीतरी उघडून पाहावे लागते. म्हणून मॉनिटरिंग सर्व्हरची डिस्क आणि शेवटच्या फेरीची वेळ यांची तपासणी दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून, अगदी साध्या क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टने का होईना, चालू ठेवावी आणि तिचा अलर्ट लिब्रेएनएमएसमार्फत न पाठवता थेट फोनवर जाईल अशी व्यवस्था करावी.